जुन्या बुलेटला बाहेरचा सायलेन्सर बसवल्यावर फटाके फुटतात? जेटला हात लावण्याआधी हे तपासा

गेली बावीस वर्षं मी कोल्हापुरात बुलेटचं काम करतो. या काळात एक तक्रार सगळ्यात जास्त वेळा ऐकली आहे: "नवा सायलेन्सर टाकला आणि पन्हाळ्यावरून उतरताना रेस सोडली की मागून फाट-फाट-फाट चालू होतं." त्यावर गिऱ्हाईक स्वतःच निदान सांगतो, "जेट मोठा टाका." जेट म्हणजे कार्बोरेटरमधून पेट्रोल मोजून सोडणारा बारीक भोकाचा पितळी तुकडा. बहुतेक वेळा दुखणं जेटमध्ये नसतंच. ते जोडात, म्हणजे पाइप इंजिनला आणि सायलेन्सरला जुळतो तिथे असतं.

हे सगळं जुन्या, कास्ट आयर्न ब्लॉकच्या ३५० बुलेटबद्दल आहे. बोअर ७० मिलिमीटर, स्ट्रोक ९०, ३४६ सीसी, हवेवर थंड होणारं इंजिन. या गाडीचा बेंड पाइप, म्हणजे इंजिनमधून धूर सायलेन्सरकडे नेणारा वाकडा पाइप, हेडच्या (इंजिनच्या वरच्या भागाच्या) पोर्टमध्ये, म्हणजे धूर बाहेर पडायच्या तोंडात, नुसता दाबून बसतो. तिथे नट नाही, फ्लँज नाही. नंतरच्या युनिट इंजिनच्या (इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र असलेल्या) गाड्यांना हेडवर स्टड आणि पॅकिंग असतं, त्यांची गोष्ट वेगळी. पण खालचा तपासणीचा क्रम त्यांनाही बराचसा चालेल.

लक्षणं

रेस सोडल्यावर किंवा उतारावर गिअरमध्ये गाडी आल्यावर सायलेन्सरमधून फटाके फुटतात. रेस दिली की थांबतात.

थंड इंजिन चालू केल्यावर हेडच्या पुढच्या बाजूला टिक-टिक आवाज येतो. पाच-सात मिनिटांत इंजिन गरम झालं की तो कमी होतो किंवा जातो.

बेंड पाइप हेडपासून वीतभर आधी सोनेरी आणि मग निळा पडतो. थोडा सोनेरी रंग कुठल्याही नव्या बेंडला येतो, त्याची काळजी नको. आठवडाभरात गडद निळा झाला तर मात्र लक्ष द्या.

आयडलिंग एकसारखं राहत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला गाडी मध्येच गुदमरल्यासारखी होते. पोर्टच्या तोंडाभोवती, हेडच्या ॲल्युमिनिअमवर काजळीची काळी रेघ दिसते.

ठुस्स करून आवाज मागून न येता कार्बोरेटरमधून येत असेल, तर ते वेगळं दुखणं आहे. तिथे इनटेक व्हॉल्व्ह, टायमिंग किंवा फारच कमी पेट्रोल ही कारणं बघावी लागतात. आवाज नक्की कुठून येतो ते आधी ठरवा. मित्राला मागे बसवून ऐकायला सांगा. चालवणाऱ्याला हेल्मेटमधून फरक कळत नाही.

आत काय घडतं

रेस बंद असताना सिलिंडरमध्ये फार थोडं मिश्रण जातं आणि ते प्रत्येक वेळी पेटत नाही. न पेटलेलं पेट्रोल बेंडमध्ये येतं. बेंड तापलेला असतो, पण पेटायला हवाही लागते. एक्झॉस्टचा प्रत्येक झटका बाहेर गेला की त्याच्यामागे पाइपमध्ये क्षणभर ओढ तयार होते. जोड सैल असेल तर त्या ओढीने बाहेरची ताजी हवा आत खेचली जाते, आणि पुढच्या झटक्याला सगळं एकदम पेटतं.

कारखान्याच्या लांब सायलेन्सरला आत पडदे असतात, म्हणून थोडा आवाज आत जिरतो. शॉर्ट बॉटल, पंजाब, इंदोरी, ग्लासवूल, या बाजारातल्या सायलेन्सरांपैकी काहीही लावलं की तो आडपडदा कमी होतो आणि इंजिनचा आधीपासूनचा दोषही ऐकू यायला लागतो. म्हणून "जुन्या सायलेन्सरवर तर काही नव्हतं" हे वाक्य खरं असलं, तरी त्यावरून नवा सायलेन्सरच खराब आहे असं ठरत नाही.

फुकटातली तपासणी: डिकम्प्रेसरची केबल

ही मी सगळ्यात आधी करतो, आणि सगळ्यात जास्त लोक हीच विसरतात. ज्या गाड्यांना हँडलवर डिकम्प्रेसरचा (किक सोपी जावी म्हणून सिलिंडरमधला दाब सोडणारा) छोटा लिव्हर आहे, त्यांच्या हेडमधला डिकम्प्रेसरचा व्हॉल्व्ह एक्झॉस्ट पोर्टमध्येच उघडतो. केबल ताणलेली राहिली तर तो व्हॉल्व्ह केसभर उघडा राहतो आणि न जळलेलं मिश्रण थेट पोर्टमध्ये झिरपत राहतं. बेंड काढता-घालताना ही केबल हलते, कधी टाकी उचलताना दबते, आणि ताण बदलतो. गिऱ्हाइकाला वाटतं सायलेन्सरने फटाके आणले.

लिव्हर बोटाने हलवून बघा. ओढ सुरू होण्याआधी दीड-दोन मिलिमीटर मोकळा खेळ हवा. नसेल तर हेडजवळच्या ॲडजस्टरवर केबल सैल करा. मग हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून पुन्हा तपासा, कारण काही गाड्यांत हँडल वळल्यावरच केबल ताणली जाते.

भुदरगडकडचे एक गुरुजी माझ्याकडे आले होते. दुसऱ्या एका ठिकाणी त्यांनी तीन वेळा जेट बदलून घेतले होते, नवा प्लग टाकला होता, सायलेन्सरही एकदा बदलला होता. केबल टाकीच्या खाली क्लिपमध्ये अडकली होती. क्लिप सोडवली, केबल वरून घेतली, गाडी गप्प झाली. नंतर त्यांचे जेट मूळ जागी आणायला मात्र मला अर्धा दिवस लागला. म्हणून सांगतो, एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय बदललं ते कागदावर लिहून ठेवा.

साबणाचं पाणी आणि ओलं गोणपाट

दुसरी तपासणी गळतीची. इंजिन पूर्ण थंड असताना करा. कपभर पाण्यात भांड्याचा साबण कालवा, ब्रशने पोर्टभोवती आणि बेंड-सायलेन्सरच्या जोडावर लावा, आणि किक मारा. पहिल्याच मिनिटात बुडबुडे दिसतात. तापलेल्या हेडवर किंवा ब्लॉकवर पाणी टाकू नका.

बुडबुडे दिसले नाहीत तर जोडीदाराला जाड हातमोजे घालून, ओल्या गोणपाटाची घडी सायलेन्सरच्या तोंडावर दोन-तीन सेकंद दाबायला सांगा. त्याने बाजूला उभं राहावं, तोंडासमोर नाही. पाइपमधला दाब वाढला की गळती फुस्स करून बोलते. ती पोर्टमधून येते, क्लॅम्पमधून की वेल्डिंगच्या चिरेतून, हे कान जवळ नेऊन ओळखा.

काही जण जोडाजवळ उदबत्ती धरतात. वर पेट्रोलची टाकी आणि मागे कार्बोरेटर असताना जळती वस्तू जवळ नेऊ नका. आणि यातलं काहीही बंद शेडमध्ये करू नका. एक्झॉस्टमधल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डोकं जड होईपर्यंत कळत नाही.

टिक-टिकचा घोळ

इथे जरा थांबून सांगतो, कारण या एका चुकीपायी मी चांगली इंजिनं उघडली आहेत.

पोर्टमधली गळती टिक-टिक वाजते. टॅपेट (पुशरॉडमधून, म्हणजे उभ्या दांडीतून, व्हॉल्व्ह ढकलणारे भाग) ढिले असले तरी टिक-टिकच वाजतं. मालकाला वाटतं टॅपेट बोलतायत. ब्लॉकच्या उजव्या अंगाचं झाकण काढून तो एक्झॉस्टचा टॅपेट कसतो. आवाज तसाच राहतो, कारण तो तिथला नव्हताच. मग आणखी कसतो. आता पुशरॉड ताणलेला राहतो, इंजिन गरम झाल्यावर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण टेकत नाही. व्हॉल्व्हची बरीचशी उष्णता सीटमधूनच हेडमध्ये जाते. टेकला नाही तर तो जळतो, कडेला खाच पडते. मग त्या खाचेतून न जळलेलं मिश्रण पोर्टमध्ये येतं आणि फटाके दुप्पट होतात. एका सैल बेंडपासून सुरू झालेली गोष्ट हेड उतरवण्यापर्यंत जाते.

फरक ओळखायचा मार्ग सोपा आहे. थंडपणी जोरात आणि गरमपणी कमी होत असेल तर बहुधा गळती, कारण गरम झाल्यावर पाइप फुगून पोर्टमध्ये घट्ट होतो. गरम झाल्यावरही तसाच राहत असेल तर टॅपेट बघा.

टॅपेट तपासायचाच असेल तर रात्रभर थंड झालेल्या इंजिनवर, पिस्टन कम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणून. पुशरॉड दोन बोटांत सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. इतकंच माप. फिरत नसेल तर तो जास्त कसलेला आहे, लगेच सैल करा आणि लॉकनट आवळल्यावर पुन्हा फिरवून बघा. नट आवळताना माप हमखास थोडं सरकतं.

बेंड आणि सायलेन्सर पुन्हा बसवणं

गळती सापडली तर बहुतेक वेळा नवं काही विकत आणावं लागत नाही. सगळं सोडून नीट पुन्हा बसवावं लागतं.

सायलेन्सर मागे फ्रेमच्या पट्टीला बोल्टने बसतो, पुढे बेंडवर क्लॅम्पने. बेंडला इंजिनच्या खालच्या बाजूला एक पट्टी असते, तीच त्याला पोर्टमध्ये दाबून धरते. आता बाहेरच्या सायलेन्सरची मागची पट्टी कधीच अगदी जागेवर येत नाही. पाच-सहा मिलिमीटर अंतर राहतं. घाईत असलेला माणूस बोल्ट लांब घालतो आणि पान्याने ओढून ते अंतर मिटवतो. वरून सगळं ठीक दिसतं. पण सायलेन्सर तिरका ओढला गेला की तो बेंडला फिरवतो, आणि बेंड पोर्टमध्ये वाकडा बसतो: एका बाजूने घट्ट, दुसऱ्या बाजूने कागद जाईल इतकी फट. त्याच ताणापायी दोन-तीन महिन्यांत पट्टीच्या वेल्डिंगला केसासारखी चीर जाते.

म्हणून आधी सगळं सैल बसवा. पोर्टच्या आतली जुनी काजळी ब्रशने काढा. पाइपाच्या टोकाला एक्झॉस्टची पेस्ट पातळ लावा, बेंड थोडा फिरवत पूर्ण आत घाला. सायलेन्सर बेंडवर सरकवा. पुढची पट्टी, क्लॅम्प, मागचा बोल्ट, सगळे नट हाताने फक्त टेकवा. आता मागे उभे राहून सायलेन्सर सरळ आहे का बघा. मागच्या पट्टीत अंतर राहिलं तर तेवढ्या जाडीचे वायसर घाला. बोल्टने ओढू नका. मग पुढून मागे आवळत या: आधी पुढची पट्टी, मग क्लॅम्प, सगळ्यात शेवटी मागचा बोल्ट.

सायलेन्सरचं तोंड बेंडवर सैल असेल तर क्लॅम्प कितीही आवळला तरी फट मिटत नाही, तोंडच चेंबतं. पातळ पत्र्याची पट्टी एक वेढा देऊन मध्ये घाला.

पोर्टमध्ये लाल सिलिकॉन भरलेलं मी कित्येक गाड्यांत पाहिलं. ते साधारण ३०० अंशांपर्यंतच टिकतं आणि पोर्टचं तापमान त्याच्या बरंच वर जातं. चार दिवसांत त्याची राख होते. दोन पुड्या कालवून करायचा एपॉक्सीही इथे टिकत नाही. जुने मिस्त्री ॲस्बेस्टॉसची दोरी गुंडाळायचे. ती मुळीच वापरू नका, जुन्या जोडात सापडली तर सुकी खरवडू नका. तिचे तंतू फुप्फुसात जातात आणि वर्षांनंतर आजार होऊन बाहेर येतात.

इथून पुढे कार्बोरेटर

गळती पूर्ण बंद झाली, केबल मोकळी आहे, टॅपेट बरोबर आहेत आणि तरीही फटाके फुटतात, तरच कार्बोरेटरकडे वळा. गळती ठेवून कार्बोरेटर लावला तर खोट्या दुखण्याला औषध दिल्यासारखं होतं: पेट्रोल वाढतं, ॲव्हरेज पडतं आणि फटाके जातही नाहीत.

आधी कार्बोरेटर हेडला बसतो तो जोड. ब्रशने तिथे इंजिन ऑइल लावा. तेल आत ओढलं जात असेल किंवा आयडलिंग बदललं, तर तिथून हवा शिरते आहे. पॅकिंग किंवा ओ-रिंग बदला. पेट्रोल किंवा स्प्रे मारून ही तपासणी करू नका, खाली तापलेला बेंड आहे.

मग एअर स्क्रू. या गाडीच्या व्हीएम २४ कार्बोरेटरच्या अंगावर दोन स्क्रू असतात. मोठा आयडलिंगचा, लहान पितळी हवेचा. हवेचा स्क्रू आत फिरवला की हवा कमी होते, म्हणजे मिश्रणात पेट्रोल वाढतं. कारच्या कार्बोरेटरवर काम केलेले लोक इथे उलटं फिरवतात. गरम इंजिनवर तो हलक्या हाताने पूर्ण बंद करून दीड आटे उघडा. तिथून थोडा आत-बाहेर करत आयडलिंग सगळ्यात मोकळं कुठे होतं ते शोधा, आणि तिथून पाव आटा आत घ्या. रेस सोडल्यावरचे फटाके याच सर्किटवर अवलंबून असतात. मेन जेटचा त्यांच्याशी जवळपास संबंध नाही. तो पूर्ण रेसला लागतो.

इथे एक स्वस्त युक्ती आहे. पीयूसी काढताना पावतीवर आयडलिंगचा सीओ (कार्बन मोनॉक्साइड) टक्क्यांत येतो. मार्च २००० पर्यंतच्या दुचाकींना मर्यादा ४.५ टक्के, त्यानंतरच्या या जुन्या बुलेटना ३.५. लोक फक्त पास-नापास बघतात. मी आकडा बघतो. आकडा अर्ध्या टक्क्याखाली असेल तर आयडलिंगला पेट्रोल फारच कमी पडतंय. मर्यादेजवळ असेल तर पेट्रोल आणखी वाढवू नका. एवढ्या कमी पैशांत गॅस ॲनालायझर दुसरीकडे मिळत नाही.

आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असल्यामुळे तेच जेट, तीच सुई असूनही मिश्रण पूर्वीपेक्षा पातळ पडतं. मोकळा सायलेन्सर आणि हे पेट्रोल एकत्र आलं की काही गाड्यांना खरोखरच एक पायरी वरचा पायलट जेट (आयडलिंगचा जेट) किंवा कार्बोरेटरमधल्या सुईची क्लिप एक खाच खाली, म्हणजे सुई वर, लागते. हे मी सरळ मान्य करतो. पण क्रमाने तिथे पोहोचायचं.

मेन जेटसाठी चढावर पूर्ण रेसमध्ये गाडी ओढा, क्लच दाबून इंजिन तिथल्या तिथे बंद करा, बाजूला थांबून प्लग काढा. रस्ता रिकामा असेल तरच. प्लग चुन्यासारखा पांढरा असेल तर जेट वाढवा, त्या गाडीवर लांबचा प्रवास करू नका. फिकट तपकिरी असेल तर हात लावू नका.

बेंड निळाच पडत असेल तर

कार्बोरेटर बरोबर असूनही बेंड निळा पडतो तेव्हा मी पॉइंट, म्हणजे ठिणगीची वेळ ठरवणारा छोटा स्विच, बघतो. ठिणगी उशिरा पडली तर मिश्रण सिलिंडरमध्ये जळायचं ते बेंडमध्ये जळत जातं. पॉइंटचं अंतर फिलर गेजने ०.३५ ते ०.४० मिलिमीटर. पॉइंटच्या प्लेटखाली ॲडव्हान्सची वजनं आणि स्प्रिंगा असतात. कॅम बोटाने फिरवून सोडला की झटकन परत आला पाहिजे. गंजून अडकला असेल तर ठिणगी कायम मागेच राहते, गाडी ओढत नाही आणि बेंड रंगत जातो. साफ करून तेलाचा एक थेंब पुरतो.

इथे थांबा आणि जाणकाराकडे न्या

पाइप काढल्यावर पोर्ट वर्नियरने उभा आणि आडवा मोजा. दोन मापांत फरक असेल तर सैल पाइप हादरून ॲल्युमिनिअम लंबगोल झालं आहे. पेस्ट आठवडाभर झाकेल, टिकणार नाही. हेड उतरवून लेथवर पोर्ट गोल करून बाही (स्लीव्ह) बसवावी लागते. आमच्याकडे उद्यमनगरात ते करणारे कसलेले हात आहेत. घरी कानशीने प्रयत्न करू नका.

किक मारताना कम्प्रेशन लागत नाही आणि सायलेन्सरमधून सुस्कारा ऐकू येतो, तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह गेला आहे. गाडी चालवत नेऊ नका, टेम्पोत टाकून न्या. हेडला कुठेही चीर दिसली, स्टडचे आटे गेले, किंवा टायमिंगची प्लेट हलली आणि मूळ खूण सापडत नाही, तरी थांबा. ठिणगीचं टायमिंग पिस्टन वरच्या टोकाला पोहोचण्याआधी ०.८ मिलिमीटरवर लावायचं असतं. अंदाजाने लावून पिस्टन खराब झालेली गाडी मी पाहिली आहे.

आणि सायलेन्सरच्या आतली जाळीच काढली असेल, तर वरचं काहीही करू नका. आधी जाळी परत घाला. जाळीशिवाय खालच्या रेसची ओढही जाते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली आवाजासाठी १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. वाटेत दवाखाने आहेत, तान्ही मुलं झोपलेली असतात. जाळी काढून द्या म्हणून आलेलं काम मी घेत नाही.

सगळं जमल्यावर पहिल्या ५० किलोमीटरनंतर, इंजिन थंड झालं की पुढची पट्टी आणि क्लॅम्प पुन्हा एकदा आवळा. नवा पाइप पहिल्या दोन-तीन गरम-थंड फेऱ्यांत जागा घेतो आणि नट थोडे सैल पडतात. मी माझ्या गिऱ्हाइकांना यासाठी मुद्दाम परत बोलावतो. पाच मिनिटांचं काम आहे, त्याचे पैसे घेत नाही.